दिवसाला आठ फाइली: टायटल सर्चच्या ऑफिसातली नोकरी

दस्तवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय माझ्या नोकरीचा आहे, पण घर घेणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मी वकील आहे, पुण्यात. पाच वर्षांपासून एका मोठ्या ऑफिसात काम करते. आमचं काम कोर्टाचं नाही. तीन-चार बँकांच्या पॅनेलवर आमचं ऑफिस आहे. गृहकर्जासाठी अर्ज आला की त्या मालमत्तेचे कागद आमच्याकडे येतात. आम्ही तीस वर्षांचा सर्च घेतो, कागदांची साखळी लावतो आणि मालकी स्वच्छ आहे की नाही याचा रिपोर्ट बँकेला देतो. बँकेच्या भाषेत ‘लीगल’. ‘लीगल क्लिअर झालं का?’ हा प्रश्न मी दिवसातून चाळीस वेळा ऐकते. चौदा वकील आणि तीन सर्च क्लार्क असं ऑफिस आहे. प्रत्येकी रोज सहा ते आठ रिपोर्ट, महिनाअखेरीला दहा-बारासुद्धा. मुदत अठ्ठेचाळीस तासांची, प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी दुपारीच फोन सुरू होतात.

सगळ्या फाइली सारख्या नसतात. बिल्डरच्या मंजूर प्रोजेक्टमधला फ्लॅट असेल तर जमिनीचा मुख्य रिपोर्ट आधीच झालेला असतो. महारेराचा नंबर, करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश) आणि पावत्या बघायच्या, पाऊण तासात फाइल हातावेगळी. रिसेलच्या फ्लॅटला पहिल्या खरेदीपासूनचे सगळे मूळ करार लागतात, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट लागतं, आधीचं कर्ज फिटल्याचं पत्र लागतं. मधला एखादा करार हरवलेला असतोच. तरीही दोन तासांत अंदाज येतो.

खरी कसोटी जमिनीच्या फाइलींची. गावठाणाबाहेर बांधलेली रो हाउसेस, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट, जुन्या वाड्याच्या जागा. तिथे तीस वर्षांचे सातबारे, प्रत्येक फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद), जमीन एकत्रीकरणाआधीचा सर्वे नंबर आणि नंतरचा गट नंबर असं सगळं जुळवावं लागतं. क्लार्कने फक्त नव्या गट नंबरावर ऑनलाइन सर्च मारला तर जुन्या नंबरावर झालेला गहाणखताचा दस्त दिसतच नाही. पुणे जिल्ह्यात साधारण २००२ नंतरचं संगणकावर मिळतं. त्याआधीचं हवं असेल तर रजिस्टर ऑफिसात बसून जाडजूड रजिस्टरं उलटावी लागतात, पानं फाटलेली असतात, कडा झडलेल्या असतात. आमच्या रिपोर्टच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं की काही रजिस्टरं फाटलेल्या अवस्थेत असल्याने सर्च उपलब्ध नोंदींपुरता मर्यादित आहे. ते वाक्य मी पाच वर्षांत हजारो वेळा पेस्ट केलं असेल.

आणि अडचण अशी की ऑफिसच्या हिशोबात जमिनीची फाइलही एकच आणि बिल्डरच्या फ्लॅटची फाइलही एकच.

आता मुद्द्यावर येते. मागच्या महिन्यात, महिनाअखेरीला दोन दिवस असताना, हवेली तालुक्यातल्या एका रो हाउसची फाइल आली. मूळ जमीन शेतीची. शेतकरी १९८९ ला वारला, १९९० ला वारस फेरफार झाला. हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर थोरल्या मुलाचं नाव, पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. खाली आई आणि धाकटा भाऊ. आणि उजवीकडे इतर हक्काच्या रकान्यात बारीक अक्षरात दोन बहिणींची नावं. आई १९९८ ला गेली. २००३ ला दोन्ही भावांनी जमीन एका भागीदारी संस्थेला विकली. खरेदीखतावर बहिणींच्या सह्या नाहीत. नंतरच्या फेरफाराने जुनी सगळी नावं कंसात गेली, म्हणजे कमी झाली, नवा सातबारा स्वच्छ झाला, एनए झालं, बारा रो हाउसेस उभी राहिली.

मी क्वेरी काढली: दोन्ही बहिणींचं किंवा त्यांच्या वारसांचं नोंदणीकृत संमतीपत्र आणा, त्याशिवाय क्लिअर देता येणार नाही. तासाभरात लोनच्या एजंटाचा फोन, मग बँकेतून, मग आमच्या सरांचा. सगळ्यांचं म्हणणं एकच: त्याच गटातल्या सात घरांना आधीच वेगवेगळ्या बँकांनी कर्ज दिलंय, तुम्हालाच काय अडचण? सर म्हणाले, ‘अटीसह क्लिअर’ लिहून टाक. मी लिहिलं नाही. फाइल दुसऱ्या वकिलाकडे जाणार होती, पण सरांनी ती तशीच ठेवली, एवढं त्यांना मी मानते.

संध्याकाळी घर घेणाऱ्या माणसाचा फोन आला. चाकणला कंपनीत नोकरीला आहे. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, “मॅडम, भाड्याच्या घराची मुदत संपतेय, विसार दिलाय, तुमच्या एका कागदामुळे सगळं अडलंय. त्या बायका कोण, कुठे, मला काहीच माहिती नाही.” मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. त्या रात्री झोपही लागली नाही.

मला विचारायचंय ते असं. अशा ऑफिसात काम केलेले, करणारे इथे कुणी आहेत का? दिवसाला आठ फाइलींच्या वेगात तुम्ही नेमकं काय वाचता आणि काय सोडता? आणि अशी फाइल अडवणं बरोबर होतं का?

---

ठाणे_पश्चिम

ताई, आधी सांगतो, अडवलीत ते बरोबर केलंत. २२ वर्षं हेच काम करतोय, आता स्वतःचं छोटं ऑफिस आहे, पाच जणांचं.

एक कायद्याचा मुद्दा स्पष्ट करतो, कारण या फाइलीत बँकेचा कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की ‘मुलींचा हक्क २००५ नंतरचा, विक्री २००३ ची, म्हणजे प्रश्न मिटला.’ हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीत २० डिसेंबर २००४ पूर्वीचे व्यवहार वाचवलेले आहेत हे खरं. सुप्रीम कोर्टाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालातही ते कायम आहे. पण तो मुद्दा मुलीच्या जन्मजात सहदायक हक्काचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मापासून मिळणाऱ्या वाट्याचा. तुमच्या फाइलीत बाप १९८९ ला मेलाय. बापाच्या स्वतःच्या वाट्यात मुली १९५६ च्या कायद्यानेच पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. आई १९९८ ला गेली, तिच्या वाट्यातही मुली आल्या. हा हक्क २००५ वर अवलंबूनच नाही. आणि जमीन बापाची स्वकष्टार्जित निघाली तर मग बहिणींचा हिस्सा भावांइतकाच.

तलाठ्याने नाव इतर हक्कात टाकलं म्हणून वारसाचा हक्क कमी होत नाही. आपल्याकडे कित्येक वर्षं ही पद्धतच होती: मुलगे कब्जेदार सदरी म्हणजे मालकाच्या रकान्यात, मुली इतर हक्कात.

समोरचा वकील मुदतीचा मुद्दा काढेल. वीस वर्षं झाली, बारा वर्षांची मुदत संपली म्हणेल. पण ताबा बहिणींच्या विरुद्ध कधीपासून झाला हे दाव्यात पुरावे देऊन ठरतं, आपल्या रिपोर्टात नाही. दावा येऊ शकणाऱ्या घरावर बँकेने पंचवीस वर्षांचं कर्ज द्यायचं का, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न.

आता दुसरी बाजूही लिहितो. मी स्वतः ऑफिस चालवतो तेव्हा भाडं, पगार, क्लार्कचं पेट्रोल सगळं दिसतं. बँक एका रिपोर्टला जे देते त्यात जमिनीची फाइल कधीच परवडत नाही. फ्लॅटच्या फाइलींवर जमिनीच्या फाइली पोसल्या जातात, हे गणित आहे. तुमच्या सरांना फार दोष देऊ नका. मात्र जबाबदारी ज्याची सही त्याची. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने के. नारायण राव प्रकरणात म्हटलं की पॅनेलच्या वकिलाने चुकीचं मत दिलं एवढ्यावरून तो फसवणुकीच्या कटात आरोपी होत नाही, कटात सामील असल्याचा पुरावा हवा. त्या निकालाने आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. पण त्याच निकालात निष्काळजीपणाची जबाबदारी वेगळी ठेवलीय. शिवाय बँकांच्या संघटनेच्या सावधगिरीच्या यादीत वकिलाचं नाव गेलं की कुठलंच पॅनेल मिळत नाही.

वाचायची पद्धत विचारलीत म्हणून सांगतो. नवा सातबारा शेवटी वाचा. ज्युनिअर मुलं आजचा डिजिटल सातबारा आधी उघडतात, तो स्वच्छ दिसतो, मग मागचं सगळं त्याच्याशी जुळवत जातात. उलट करा. सगळ्यात जुन्या फेरफारापासून सुरुवात, प्रत्येक फेरफाराला एकच प्रश्न: या पानावरचं कुणाचं नाव पुढच्या पानावर नाही, आणि ते कोणत्या दस्ताने गेलं? जमिनीच्या फाइलीत मी फक्त मेलेली माणसं मोजतो. प्रत्येक मयतामागे किती वारस आणि किती सह्या. बाकी टंकलेखन क्लार्कही करतो.

---

पाऊसपाणी

वाचतेय. इतर हक्काचा रकाना आमच्याही सातबाऱ्यावर आहे, आज पहिल्यांदा नीट बघितला. आजोबांच्या दोन बहिणी आहेत तिथे.

---

निवृत्त_निबंधक

मी नोंदणी खात्यात ३४ वर्षं काढली, शेवटची काही वर्षं पुणे जिल्ह्यात. चर्चेत एक गैरसमज नेहमी येतो म्हणून लिहितो. लोकांना वाटतं, रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारने मालकी तपासली. तसं नाही. आम्ही मुद्रांक पुरेसा आहे का, सही करणारे समोर आहेत का, ओळखीचे साक्षीदार आहेत का, अंगठा-फोटो झाला का हे बघतो. विकणारा खरा मालक आहे की नाही हे ठरवणं आमचं काम नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पुन्हा हेच सांगितलं: विक्री करणाऱ्याला हक्क आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार निबंधकाला नाही.

म्हणून दोन भावांनी २००३ ला दस्त आणला असेल तर माझ्यासारख्या एखाद्याने तो नोंदवलाच असेल. बहिणी कुठे आहेत हे त्या टेबलावर कुणी विचारत नाही. ते विचारण्याची एकच जागा उरते, ती तुमच्यासारख्या माणसाचं टेबल.

गर्दीबद्दल लिहायचं तर मार्च २०२१ विसरता येत नाही. १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं होतं, १ जानेवारी ते ३१ मार्च दोन टक्क्यांची सवलत होती. शुल्क मुदतीत भरलं की दस्त चार महिन्यांत नोंदवता येतो, तरीही लोकांनी रांगा लावल्या. मास्क लावून, एकमेकांना चिकटून. सर्व्हर बंद पडला की सगळं ऑफिस श्वास रोखून बसायचं. एका दिवसात इतके दस्त झाले की माझ्या उजव्या हाताचा अंगठा सही करून दोन दिवस वाकत नव्हता. त्या तीन महिन्यांतले कागद आता रिसेलला येत असतील. ताई, त्या काळातले दस्त हातात आले तर पान क्रमांक आणि परिशिष्टं जरा जास्त वेळ देऊन बघा. घाईत पानं इकडची तिकडे झालेली मी स्वतः पाहिली आहेत.

---

कर्जविभाग

मी बँकेतला आहे, रिटेल लोनच्या प्रोसेसिंगमध्ये. तुम्हाला फोन करणाऱ्यांपैकीच एक समजा.

आमच्याकडचं दृश्य सांगतो. शाखेला महिन्याचं टार्गेट असतं, ते मंजुरीवर मोजत नाहीत, पैसे सुटल्यावर मोजतात. २५ तारखेनंतर आलेली प्रत्येक क्वेरी म्हणजे कुणाचा तरी आकडा पुढच्या महिन्यात जाणार. म्हणून फोन. पण तुमची क्वेरी लेखी आली की आमच्यात ती ओलांडायची हिंमत कुणी करत नाही, हेही खरं. म्हणून फोनवर कधीही ‘बघते’ म्हणू नका. मेलवर एका ओळीत कारण, एका ओळीत काय हवं ते. फोनवर ‘बघते’ म्हणालात की आम्ही त्याचा अर्थ ‘होईल’ असा घेतो आणि ग्राहकालाही तसंच सांगतो.

‘सात घरांना कर्ज झालंय’ हे आम्हीही एकमेकांना म्हणतो आणि त्याला काही अर्थ नसतो. पहिल्या बँकेच्या वकिलाने जे पाहिलं नाही ते बाकीच्या सहांनी त्याच्या भरवशावर पाहिलं नाही, असंच बहुतेक वेळा झालेलं असतं.

एका गोष्टीने मात्र काम खूप सोपं झालं. आधी एकाच घराच्या कागदांवर दोन बँकांकडून कर्ज काढणारे महाभाग होते, मूळ करारनाम्याची रंगीत झेरॉक्स लावून. २०११ ला सेरसाई ही केंद्रीय नोंदवही सुरू झाली, गहाणाची नोंद एका ठिकाणी दिसायला लागली. आपल्याकडे २०१३ पासून कर्जदाराला नोटीस ऑफ इंटिमेशनही (मूळ कागद ठेवून कर्ज घेतल्याची सूचना) तीस दिवसांत नोंदणी कार्यालयात द्यावी लागते, म्हणजे साधं टायटल डीड ठेवून घेतलेलं कर्जसुद्धा इंडेक्सला येतं. त्याआधीच्या कर्जांसाठी मात्र अजून विकणाऱ्याच्या शब्दावर आणि मूळ कागदांवर राहावं लागतं.

---

लीड्सवासी

धागा वाचून राहवलं नाही. मी इंग्लंडमध्ये याच प्रकारच्या ऑफिसात सहा वर्षं काम केलं, आता सोडलं. तिथे या कामाला कन्व्हेयन्सिंग म्हणतात आणि शेकडो माणसांची मोठमोठी ऑफिसं फक्त घरांच्या खरेदी-विक्रीचंच काम करतात. लोक त्यांना ‘कारखाना’च म्हणतात. माझ्या नावावर एका वेळी ११० पर्यंत फाइली असायच्या.

ताईंच्या आणि माझ्या कामात एक मोठा फरक आहे. इंग्लंडमध्ये मालकी सरकारी भूमी नोंदणी कार्यालयाच्या रजिस्टरवर असते आणि त्या नोंदीची हमी सरकार घेतं. नोंद चुकीची निघून कुणाचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद २००२ च्या कायद्यात आहे. म्हणून तीस वर्षं मागे जाऊन कुणाची बहीण राहिली हे शोधावं लागत नाही. विकणाऱ्याचं नाव रजिस्टरवर आहे ना, मग पुढे. १ डिसेंबर १९९० पासून संपूर्ण इंग्लंड आणि वेल्समध्ये विक्रीनंतर नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे बहुतेक घरं आता रजिस्टरवर आलीत. एवढ्या फाइली एका माणसाला झेपू शकतात याचं खरं कारण हे. आपल्याकडे हमी कुणाचीच नाही आणि वेग मात्र तसाच मागितला जातो. म्हणून तुमचं काम माझ्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

माझा ताण वेगळा होता. तिथे ‘चेन’ म्हणजे कागदांची नव्हे, माणसांची साखळी. ‘अ’ने आपलं घर विकलं की त्या पैशांतून ‘ब’चं घेणार, ‘ब’ ‘क’चं. पाच घरांचा ताबा एकाच दिवशी एकमेकांच्या पैशांवर बदलतो. एका बँकेचे पैसे दुपारी उशिरा आले की पाच कुटुंबं सामान भरलेल्या टेम्पोसकट रस्त्यावर उभी. आणि सगळ्यांना ताबा शुक्रवारीच हवा. ३० जून २०२१ ला पाच लाख पौंडांपर्यंतची मुद्रांक सवलत संपत होती. त्या दिवशी मी सकाळी सातला बसले ते रात्री उठले. एका बाईचा फोन अजून कानात आहे, ती गाडीत लहान मुलाला घेऊन बसली होती आणि मला फक्त एवढंच विचारत होती की पैसे आले का. मी तिला दहा वेळा ‘अजून नाही’ सांगितलं. अकराव्या वेळी आले.

यॉर्कशायरमध्ये जुन्या कोळसा खाणींचा सर्च काढावा लागतो, घराखाली खाण आहे का बघायला. तो रिपोर्ट मी कधीच वरवर वाचला नाही, कारण पहिल्याच वर्षी माझ्या बाजूच्या टेबलावर तो न वाचल्यामुळे एक व्यवहार शेवटच्या आठवड्यात मोडला होता. प्रत्येक ठिकाणचं असं एक पान असतं. आपल्याकडे ते इतर हक्काचं दिसतंय.

---

घरशोध२०२५

मी सामान्य माणूस, पुढच्या वर्षी घर घ्यायचा विचार आहे. बँकेने लीगल केलं म्हणजे आपण निर्धास्त, असंच समजत होतो. चूक का?

---

दस्तवाली (धागाकर्ती)

@घरशोध२०२५, हो, चूक. बँकेचा रिपोर्ट बँकेसाठी असतो. बहुतेक वेळा तो तुम्हाला दाखवतही नाहीत. बँक बघते की तिचं कर्ज बुडणार नाही. तुमचे स्वतःचे वीस-पंचवीस लाख त्यात गुंततात, त्याचा विचार आम्ही करत नाही, आम्हाला तसं सांगितलेलंच नसतं. जमीन, प्लॉट किंवा रो हाउस घेत असाल तर विसार देण्याआधी स्वतःचा वकील लावा, तुम्ही फी द्या आणि त्याला सांगा की शेवटची तीस वर्षं नाही, जिथपर्यंत मिळतं तिथपर्यंत जा. निदान १९५६ पर्यंत. विसार दिल्यावर वकील शोधला तर त्याच्यावरही तुमच्याच घाईचं ओझं येतं. फ्लॅट घेत असाल तर बिल्डरला महारेरात दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय घेता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा. रिसेलवाल्याचं कर्ज फिटलेलं असेल तर मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत ते परत देणं बँकेला बंधनकारक आहे, म्हणजे ‘बँकेकडून यायचेत’ हे कारण सहा-सहा महिने चालायला नको.

@ठाणे_पश्चिम दादा, मेलेली माणसं मोजायची पद्धत मी कालपासून वापरतेय. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे लिहिते: मयत ३, वारस ११, सह्या ९. जिथे दोन आकडे जुळत नाहीत तिथे थांबते. तीन फाइलींमध्ये अशी दोन माणसं सापडली. एका फाइलीत तर मुलगा वेडसर म्हणून नाव वगळलं होतं, पालनकर्त्याची नोंद वगैरे काही नाही, फक्त पुढच्या फेरफारात तो नाहीच.

@लीड्सवासी ताई, हमीचा मुद्दा माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता. आमच्या ऑफिसात नेहमी म्हणतात की परदेशात एक माणूस शंभर फाइली करतो. उद्या सरांना हे सांगणार आहे.

---

कोड_आणि_कायदा

हे सगळं पुढच्या दोन-तीन वर्षांत सॉफ्टवेअर करेल. आमच्याकडे त्यावर काम चालू आहे. इंडेक्स टू टाकायचा, साखळी आपोआप तयार.

---

ठाणे_पश्चिम

@कोड_आणि_कायदा, इंडेक्स टूची साखळी करेल, आनंदच आहे. माझे क्लार्क ते काम सोडून दुसरं शिकतील. पण परवा माझ्याकडे १९३८ चा एक कागद आला, मोडीत. आणि १९७१ चा एक फेरफार, ज्यात तलाठ्याने शाईने ‘सदर इसम परागंदा’ एवढंच लिहिलं होतं. त्या इसमाच्या मुली कुठे गेल्या हे शोधायला माझा क्लार्क त्या गावात दोन दिवस राहिला, देवळात बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारत. तुमच्या सॉफ्टवेअरने मला ‘इथे दोन नावं पुढे सापडत नाहीत’ एवढी खूण केली तरी मी उपकार मानेन.

---

दस्तवाली (धागाकर्ती)

तीन महिन्यांनी पुन्हा लिहितेय. काहींनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं, त्या रो हाउसच्या फाइलीचं काय झालं.

चाकणच्या त्या जोडप्याने ते घर सोडलं. विसार परत मिळाला, दोन हप्त्यांत. त्यांनी आळंदी रस्त्याला फ्लॅट घेतला, त्याची फाइलही योगायोगाने आमच्याच ऑफिसात आली होती, दुसऱ्या वकिलाकडे. मला फोन करून सांगितलं त्याने.

विकणारा मात्र गप्प बसला नाही. त्याने बाराही घरमालकांना गोळा केलं. सात जणांची कर्जं चालू होती, तेच सगळ्यात घाबरले. वर्गणी काढून बहिणींशी बोलणी केली. किती रक्कम ठरली मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. धाकटी बहीण वारली आहे, तिची तीन मुलं, एक सुरतेला असतो, त्याची सही अजून व्हायचीय. थोरली बहीण ७१ वर्षांची, मुळशी तालुक्यात राहते. तिच्या संमतीपत्राच्या नोंदणीला विकणाऱ्याने मला बोलावलं, मसुदा आमच्याकडूनच तपासून घेतला होता म्हणून. मी सुट्टी टाकून गेले.

रजिस्टर ऑफिसात तिचा अंगठा मशिनवर उमटेना. रेषा झिजलेल्या. ऑपरेटरने फडक्याने पुसला, मग तर्जनी घेतली, मग डाव्या हाताचा अंगठा. मागे रांग खोळंबलेली, कुणी काही बोललं नाही. पाचव्या वेळी हिरवा दिवा लागला. दुय्यम निबंधकांनी नियमाप्रमाणे विचारलं, दस्तातला मजकूर समजला का, मोबदला मिळाला का. ती हो म्हणाली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, “पोरी, तू म्हणत होतीस माझं नाव लिहिलेलं आहे. कुठंय?”

माझ्या फाइलीत १९९० च्या फेरफारानंतरच्या त्या हातानं लिहिलेल्या सातबाऱ्याची प्रत होती. मी ती काढून तिच्यापुढे धरली, इतर हक्काच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही. मी नाव वाचून दाखवलं, वडिलांच्या नावासकट. तिने माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं बोट तिथे ठेवलं. भाऊ तिला म्हणाले होते की तुझं नाव कुठंच नाही. धाकटीचं नाव कोणतं असं विचारलं, मी खालची ओळ दाखवली. मग तिने ती झेरॉक्स मागून घेतली आणि चार घड्या घालून पिशवीत ठेवली.

ऑफिसातलं सांगायचं तर मी अजून तिथेच आहे. सरांशी बोलले, लीड्सच्या ताईंचा हमीचा मुद्दाही सांगितला. जून अखेरपर्यंत जमिनीची फाइल एका वकिलाला दिवसाला दोनच, असं त्यांनी ठरवलंय, आणि त्या दिवशी त्याच्याकडे फ्लॅटच्या तीनच. बँकेला कळवलंय. एका बँकेने कुरकुर केली, दुसरीने काहीच म्हटलं नाही. सुरतेच्या भाच्याची सही झाली की ती फाइल मी स्वतः क्लिअर लिहिणार आहे.